पाइनच्या बाणांच्या काड्या सरळ केल्या तरी पुन्हा वाकतात

ताम्हन

लाँगबोसाठी (लांब लाकडी धनुष्यासाठी) बाण करायला पाइनच्या काड्या आणल्या आहेत, जाडी ११/३२ इंच, लांबी ३२ इंच. काचेवर लोळवल्या तर निम्म्यांखालून उजेड दिसतो. हाताने दाबून सरळ होतात, पण पावसाळी हवेत बाक परत येतो. शेकाव्यात की वाफ द्यावी? एकाच काडीत दोन दिशांना बाक असेल तर आधी कोणता काढायचा? शिवाय पिसे आणि फळ (पुढचे धातूचे टोक) लावलेले काही बाणही वाकले आहेत. त्यांना उष्णता चालेल का?

तिरकमठा

वाफ नको. वाफेने लाकूड मऊ पडते खरे, पण ओल आत शिरते आणि ती सुकताना काडी मनाला येईल तशी वळते. पाइन, स्प्रूस, सीडर यांना कोरडी उष्णताच बरी.

आधी बाक नेमका कुठे आहे ते शोधा. काडी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटा, हळूहळू फिरवा आणि फुगवट्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करा. बाक खुणेच्या दोन्ही बाजूंना किती लांब पसरला आहे तेही पाहा. लांबवर पसरलेला बाक एकाच जागी दाबला तर एका बाकाचे दोन होतात.

तेवढाच भाग गॅसच्या मंद ज्योतीपासून १५-२० सेंमी वर, सतत फिरवत आणि मागेपुढे सरकवत तापवा. हाताला चटका जाणवावा, पण काडी धरवली पाहिजे, इतपतच. रंग बदलू लागला तर उष्णता जास्त झाली. करपलेली जागा ठिसूळ होते आणि बाण तिथेच मोडतो. मग फुगवट्यावर तळहाताचा उंचवटा ठेवून, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाईल इतकी वाकवा आणि थंड होईपर्यंत तशीच धरा. गरम असताना सोडली की लाकूड जुन्या आकाराकडे परतते. बहुतेकांचे इथेच बिनसते.

दोन बाक असतील तर मोठा आधी. तो निघाला की लहान बाकाची जागा आणि दिशा बदललेली दिसते, म्हणून पुन्हा तपासून मगच पुढे जा. टोकाजवळच्या ५-६ सेंमीतला बाक काढायच्या भानगडीत पडू नका, तिथे हाताला पकडच मिळत नाही. काडी ३२ इंच आहे, बाण २८-२९ इंचांचा होणार. वाकडे टोक कापून टाका.

तयार बाणांना आच दाखवू नका. पिसांचा गोंद सुटतो, वॉर्निशला फोड येतात. त्यांच्यासाठी स्क्रूड्रायव्हरचा गोल, गुळगुळीत दांडा फुगवट्याच्या बाजूवर जोर देऊन लांबीच्या दिशेने घासा. घर्षणाने जागा कोमट होते, तिथले तंतू दाबले जातात आणि काडी हळूहळू सरळ येते. वेळ लागतो, पण काम पक्के होते.

वेळूबन

वरचे सगळे पटले. बाक परत का येतो, याचे उत्तर मात्र दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे ओल. सरळ केलेली काडी उघडी ठेवली तर ती हवेतला दमटपणा शोषणारच. त्याच दिवशी बारीक पॉलिश पेपर मारून लाखेच्या पॉलिशचे किंवा वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्या. कापलेल्या टोकांना विसरू नका, ओल सर्वांत जास्त तिथूनच आत जाते. काड्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू नका, आडव्या सपाट ठेवा.

दुसरे म्हणजे लाकडाच्या रेषा. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न जाता मध्येच कडेला बाहेर पडत असतील, तर ती काडी बाजूला काढा. ती पुन्हा पुन्हा वाकेल, आणि सुटताना त्या रेषेवर तिरकी चिरली तर धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. सरळ केलेली प्रत्येक काडी चेहऱ्यापासून दूर धरून चारही बाजूंनी हलकी वाकवा आणि कान द्या. बारीकसा ‘कट्’ ऐकू आला तर ती काडी मोडून टाका. दोरी बसवायची मागची खाच पाडताना ती वार्षिक वलयांना काटकोनात येऊ द्या, नाहीतर दोरीच्या धक्क्याने लाकूड रेषेवर फाटते.

इंडियन राउंडसाठी (भारतातला बांबूच्या धनुष्य-बाणांचा स्पर्धाप्रकार) बांबूचे बाण करणाऱ्यांना वेगळा हिशोब लागतो. काड्या सावलीत पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओल्या बांबूत पेराच्या पोकळीत वाफ कोंडते आणि तो फुटतो. बांबू पाइनपेक्षा जास्त शेक सोसतो. सालीवर तेलकट घाम आला की तो फडक्याने पुसा आणि वळवा. आधी पेरे सरळ करा, मग गाठी. गाठ घट्ट असल्याने तिला शेक जास्त लागतो. पोकळ पेर नुसत्या अंगठ्याने दाबले तर चेपते. जपानी कारागीर यासाठी तमेगी नावाची खाचेची लाकडी पट्टी वापरतात. तिच्या खाचेत काडी अडकवून वळवली की जोर हवा तिथेच पडतो. सागाच्या तुकड्यात तिरकी खाच पाडून कडा गोल केल्या तर घरी सहज होते.

ताम्हन

फारच उपयोगी, दोघांचे आभार. एक राहिले: एक बाण काचेवर अगदी सरळ लोळतो, पण फळ टेकवून फिरवला की मागचा भाग थरथरतो.

तिरकमठा

मग काडी ठीक आहे, फळ तिरके बसले आहे. फळासाठी टोक ५ अंशांत निमुळते करतात. त्या वेळी टोकाकडचा भाग वाकडा असेल तर निमुळतेपण काडीच्या अक्षात येत नाही. म्हणून आधी सरळ करायचे, मग टोक तासायचे. फळ हॉट मेल्टने (तापवल्यावर वितळणाऱ्या गोंदाने) चिकटवले असेल तर फक्त धातू तापवा, गोंद सैल होताच फळ पाव फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा फिरवून बघा. दोन-तीन जागा बदलूनही थरथर राहिली तर फळ काढा, टोक कापा आणि नव्याने तासा. बाण अर्धा-पाऊण इंच आखूड होईल. तेव्हा तुम्ही दोरी जितकी मागे ओढता तितक्या ओढीला तो पुरतो का, हे कापण्याआधी मोजा.