प्रति: विमानतळ पासचा ऑनलाइन अर्ज

विमानतळावर काम करणाऱ्यांना आत जायला जो पास लागतो, त्याचा सगळा अर्ज एकाच पानावर घ्यावा असं सुचवलं गेलंय, ते मला पटत नाही. हा अर्ज एकटा माणूस एका बैठकीत भरत नाही. नाव, पत्ता, फोटो उमेदवार देतो; पण त्याला कुठल्या भागात आणि कशासाठी जायचंय, हे कंपनीच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याने सांगायचं. ते रकाने उमेदवाराला दिसूच नयेत, नाहीतर जो तो सगळ्याच झोनवर टिक करून मोकळा होईल.

खरी मेहनत पूर्वेतिहासावर घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १७व्या परिशिष्टानुसार, सुरक्षा-प्रतिबंधित क्षेत्रात सोबतीशिवाय वावरणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावीच लागते. म्हणून नोकरीच्या तारखा महिना-वर्षासह मागवा. मध्ये खंड दिसला की फॉर्मने तिथल्या तिथे विचारावं: 'मार्च ते जुलै २०२२ या काळात आपण काय करत होता?' शिक्षण, आजारपण, बेरोजगारी, काहीही उत्तर चालेल, पण जागा रिकामी नको. अर्ज पाठवून झाल्यावर कित्येक दिवसांनी हे विचारणं उमेदवारावर अन्याय आहे. तोवर त्याचं काम अडून राहतं.

अर्धवट अर्ज जतन करायची सोय हवीच. आणि कृपया पासपोर्टची प्रत ईमेलवर मागवू नका, ती कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहते.