जत्रेच्या नाटकात आल्बुकेर्क कसा उभा करावा?

पेडणेकर_नाटकवाला

आमच्या गावच्या जत्रेत दुसऱ्या रात्री ऐतिहासिक नाटक असतेच. दरवर्षी संभाजी नाहीतर पन्हाळा. यंदा देवस्थान समिती म्हणाली, गोव्याचा विषय घ्या. मी आफोन्सो द आल्बुकेर्क घेतला, आदिलशाहीकडून गोवे जिंकणारा पोर्तुगीज, 1510 ची गोष्ट. पहिला अंक देवळाच्या अग्रशाळेत वाचला आणि मंडळीत दोन तट पडले.

एका तटाचे म्हणणे, दुसऱ्या अंकात त्याने देऊळ पाडलेच पाहिजे. मी म्हटले, तो 1515 मध्ये मेला. तिसवाडीतली (जुन्या गोव्याच्या बेटावरची) देवळे पाडायला सुरुवात झाली 1540 च्या सुमारास, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशी न्यायालय, आले 1560 मध्ये. त्याचे राज्य म्हणजे तिसवाडी आणि आजूबाजूचा थोडा मुलूख. बार्देश-सासष्टी कायमची हाती आली 1543 मध्ये, आणि आमचे पेडणे तर त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी. त्यावर आमचे ज्येष्ठ नट (यांनी आजवर फक्त अफझलखान केला आहे) म्हणाले, ‘दुस्मान तो दुस्मान, ताका मनीस कित्याक करता?’

दुसरा तट कॉलेजातल्या पोरांचा. त्यांनी कुठेतरी वाचले की त्याने सती बंद केली, गावकऱ्यांच्या रीतिरिवाजांना हात लावला नाही, आदिलशाही कराच्या ओझ्यातून लोकांना सोडवले, आणि त्याला बोलावले होन्नावरच्या तिमोजा या हिंदू समुद्री सरदाराने, म्हणजे आपल्याच माणसाने. त्यांना तो जवळजवळ नायक हवा आहे.

यातले बरेचसे खरे आहे, आणि तीच माझी पंचाईत. त्याचे आरमार तांबड्या समुद्राकडे निघाले होते, गोवे घ्यायचे सुचवले तिमोजाने. हे सगळे नाटकात घ्यायला मला आवडेल. पण 25 नोव्हेंबर 1510 ला शहर दुसऱ्यांदा घेतल्यावर पुढचे चार दिवस काय झाले, ते दोन्ही तटांना नको आहे. देवळे पाडणारा हवा त्यांना ते कमी वाटते, सती बंद करणारा हवा त्यांना अडचणीचे. जाणकारांनी सांगावे, या माणसाला तोलायचे कसे? आणि रंगमंचावर कुठून धरायचे?

म्हापशाचा_मास्तर

नाटकवाले बाब, आधी आरोपपत्र नीट लिहा. दुसऱ्याचे गुन्हे त्याच्या खात्यावर टाकले की त्याचे स्वतःचे गुन्हे हलके होतात. देवळाचा प्रवेश काढून टाका.

त्याचा स्वतःचा गुन्हा सिद्ध करायला साक्षीदारही नको. 22 डिसेंबर 1510 ला त्याने पोर्तुगालचा राजा मानुएलला पत्र लिहिले. चार दिवस कत्तल चालली, मुसलमान सापडेल तिथे मारला, मशिदींत कोंडून आग लावली, बायका-पुरुष मिळून सहा हजार मेले. ब्राह्मण आणि शेतकरी तेवढे सोडायला सांगितले, असे त्यातच आहे. पश्चात्तापाचा मागमूस नाही. राजाला खूश करायला कामगिरी कळवावी तसे लिहिले आहे.

आता कोणीतरी म्हणेल, ‘तो काळच तसा होता.’ वर्गात हे वाक्य मी दरवर्षी ऐकले. काळ तसा होता हे खरे, पण त्या काळातल्या माणसांनाही हा माणूस पचत नव्हता. 1510 च्या मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला शहरातून हाकलले. पावसाळा लागलेला, मांडवीचे तोंड बंद, जहाजे ऑगस्टपर्यंत नदीतच अडकली. लोक उंदीर खाऊन जगले. अशा स्थितीत रुय दियश नावाच्या तरुणाला त्याने फाशी दिली. कारण? जहाजावर कैदेत ठेवलेल्या मुसलमान बायकांकडे तो रात्री चोरून जायचा. कप्तान भडकले, उघड विरोध केला, तर त्यांनाही बेड्या. गंमत अशी की (गंमत कसली म्हणा) गोवे घेतल्यावर हाच माणूस आपल्या शिपायांची लग्ने इथल्या मुसलमान बायकांशी लावून देत होता. त्यांतल्या कितीतरी जणींचे नवरे त्या चार दिवसांत मेले असतील. त्या बायकांना कोणी विचारले?

आणि बाणस्तारी विसरू नका. 1512 मध्ये तिथला किल्ला परत घेताना आदिलशाही सरदार रसूलखानाकडे फितूर झालेले पोर्तुगीज याच्या ताब्यात आले. जीव घेणार नाही असे वचन होते. वचन पाळले. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापून जिवंत सोडले. त्यांतला फेर्नांव लोपिश पुढे सेंट हेलेना बेटावर वर्षानुवर्षे एकटा राहिला. वचनाला इतके अक्षरशः जागणारा माणूस मला सरळ क्रूर माणसापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. नटाला हेच सांगा, ओरडू नकोस.

जुनेगोवे_गाईड

मास्तर बरोबर, पण दुसरी बाजूही घ्या. तो मेल्यावर इथे आमच्याकडे, नोस्सा सेन्योरा द सेर्राच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) पुरला. पोर्तुगीज लिहून गेलेत की नंतरच्या गव्हर्नरांनी जुलूम केला की हिंदू आणि मुसलमान दोघेही त्याच्या थडग्यावर फुले आणि दिव्याला तेल घेऊन गाऱ्हाणे घालायला यायचे. हाडे लिस्बनला नेली 1566 मध्ये. म्हणजे लोकांच्या मनात काहीतरी असणारच ना? पणजीला आझाद मैदानावर जो मंडप आहे, तो मुळात याच्याच पुतळ्यासाठी 1847 मध्ये बांधला. मुक्तीनंतर पुतळा आमच्याकडच्या संग्रहालयात आला. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात आणि विचारतात, वास्को द गामा हाच का?

म्हापशाचा_मास्तर

थडग्याची गोष्ट खरी असेलही. पण तिच्यातून नंतरचे किती वाईट होते ते कळते, हा किती चांगला होता ते नाही. शिवाय त्याचे चरित्र त्याच्याच मुलाने, ब्राजने, 1557 मध्ये छापले. बापाचे चरित्र कोणता मुलगा वाईट लिहील?

भजीपाव_फोंडा

नाटक किती वाजता? गेल्या खेपेला तिसरा अंक पहाटे चारला सुरू झाला होता.

वाळपईचा_सलीम

मी दरवर्षी जत्रेला येतो, नाटक बघतो, म्हणून लिहितो. अशा नाटकांत ते सहा हजार ‘आदिलशहाची फौज’ म्हणून मरतात. दोन पोरे ढाली घेऊन येतात, पडतात, उठून विंगेत जातात. मास्तरांनी वर लिहिलेच आहे की त्या आकड्यात बायका होत्या. फौज लढाईत पडली, मग हे चार दिवस कोणासाठी लागले? त्याने आम्हाला मारले आणि तुम्हाला सोडले, म्हणून तो तुमच्यातल्या काहींना बरा वाटतो. राग नाही, पण कॉलेजच्या पोरांना हे एवढे विचारा.

पेडणेकर_नाटकवाला

सलीमबाब, विचारले. काल तालमीच्या आधीच. दोघे गप्प बसले, एक जण म्हणाला, ‘मग तिमोजाचे काय करायचे?’ मला तोच प्रश्न हवा होता. तिमोजाला आता मी ‘फसवला गेलेला बिचारा’ करणार नाही. त्याला कारभार हवा होता, मिळाला, आणि पुढे तो कारभार होन्नावरच्याच मल्हाररावाकडे गेला. सौदा करणारा माणूस तो. आपल्यासारखाच दिसला पाहिजे.

देऊळ काढले. समितीतले एक गृहस्थ नाराज आहेत, त्यांना नांदीनंतर दोन मिनिटे भाषण दिले आहे.

मधला अंक नदीतल्या जहाजावर. पाऊस, भूक, रुय दियशची फाशी. आदिलशहाने खायला पाठवलेले अन्न त्याने परत केले आणि आमच्याकडे भरपूर आहे असे दाखवायला आजाऱ्यांसाठी राखलेली दारू आणि बिस्किटे दूतासमोर मांडली, अशी एक हकीकत त्याच्या मुलाच्या, ब्राजच्या, पुस्तकातली आहे. त्या प्रवेशाला टाळ्या पडतील हे मला माहीत आहे. पडू देत. प्रेक्षकाला तो थोडा आवडला पाहिजे, कारण लगेच पुढच्या अंकात तो पत्र सांगणार आहे. कत्तल दाखवणार नाही, ढाली नाहीत, लाल दिवे नाहीत. लेखनिक लिहितो आहे, हा येरझाऱ्या घालत सांगतो आहे, आकडा एकदा दुरुस्त करतो आणि पुढे मसाल्याच्या जहाजांकडे वळतो. आकड्याची दुरुस्ती माझ्या मनाची आहे, मास्तर रागावू नका.

अफझलखानवाले आल्बुकेर्क करायला तयार आहेत, न ओरडता. पहिल्या तालमीला जमले नाही.

आता खरी अडचण. त्याची दाढी कमरेपर्यंत होती आणि तो तिची गाठ मारायचा. पणजी-म्हापशात भाड्याने मिळतात त्या सगळ्या दाढ्या छातीपर्यंतच्या. सावंतवाडीकडे कोणा दशावतारी मंडळाकडे लांब, पांढरी मिळेल का?