अनुभव धागा: परातीत उघडलेला स्विच

घाटवाट
काल आंबा घाटात दाट धुकं आणि भाच्याच्या दुचाकीचा हॉर्न मुका. प्रत्येक वळणावर मी मागून हाळी देत होतो. साखरप्याला चहा घेताना अण्णा आठवले.

आमचं घर खाडीकाठी. खाऱ्या हवेनं दर पावसाळ्यात गाडीच्या स्विचातल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर धरायचा. अण्णा आईची मोठी परात घेऊन ओटीवर बसत. आधी बॅटरीची वायर सोडवायची, मग स्विचचे स्क्रू. इंडिकेटरच्या खटक्याखाली बारकी गोळी आणि स्प्रिंग असते, ती अंगणात उडाली की गेलीच. परातीत पडली तर टण्णकन वाजते. पॉलिश पेपरने पट्ट्या घासायच्या, पेट्रोलचा बोळा फिरवायचा. मी टॉर्च धरायचो, हात हलला की ओरडा. अण्णांना जाऊन १२ वर्षं झाली. आज भाच्याला टॉर्च धरायला लावून हॉर्नचा स्विच उघडला. वाजला! तुमचंही लिहा.

सातारकर_गडी
माझी सिग्नलला बंद पडली की सेल्फ गप्प. किक नाहीच गाडीला. घरी न्यूट्रलला मात्र एका झटक्यात चालू. सगळे म्हणाले बटण बदल, बदललं, तेच. शेवटी दोष निघाला क्लचच्या दांडीखालच्या छोट्या स्विचात. गिअरमध्ये असताना क्लच दाबलाय हे त्याच्याकडून कळलं तरच सेल्फ लागतो. सुटा मिळाला, दहा मिनिटांचं काम.

चहाटपरी
परात वाचून भाकरीची आठवण झाली. मग त्याच परातीत पीठ मळायचे?

घाटवाट
नाही हो, आईने दुसरी आणली. ही अण्णांचीच झाली, अजून माळ्यावर आहे.

रानजाई
डोळ्यात पाणी आलं दादा.
माझ्या गाडीचा मागचा ब्रेक लाइट सतत पेटलेला, बॅटरी उतरायची. पेडलजवळच्या स्विचची स्प्रिंग चिखलाने अडकलेली. धुतली, मग नट फिरवून जुळवलं. स्विच हाताने घट्ट धरायचा आणि नटच फिरवायचा, नाहीतर वायरी पिळतात. थांबा, नळाला पाणी आलं

कट्टा५२
बाबांनी नवी गाडी दुसऱ्याच दिवशी शोरूमला परत नेली, भर दुपारी दिवा विझत नाही म्हणून. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवा बंद करायचा खटकाच नसतो, हे त्यांना तिथल्या पोराने सांगितलं. अजून आम्ही हसतो, बाबाही हसतात.

माळरान
हॉर्न बिघडला तर स्विच उघडायच्या आधी हॉर्न थेट बॅटरीला लावून बघा. वाजला तर पुढे स्विचकडे, वायरिंगकडे वळा. आणि नवा स्विच घालताना जुन्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. गॅरेजमध्ये माझ्या वायरी उलट जोडल्या, डावा इंडिकेटर दिला की उजवा लागे. ट्रकसमोर वळताना कळलं. अजून अंगावर काटा येतो.

चहाटपरी
बापरे. सांभाळून रे.

घाटवाट
भाचा विचारतोय, ती गोळी हरवलीच तर?

सातारकर_गडी
जुनी गोळी नसली तर अख्खा स्विच घेऊन सायकलच्या दुकानात जा, छर्रा मापाला लागला तर काम होतं. साखरप्याला चहा कुठे घेतला? रविवारी त्याच वाटेने चाललोय.

रानजाई
दोन हंडे भरले, गेलं पाणी. बाकीचं रात्री लिहिते.