मदत हवी आहे : मन लागत नसताना नेम कसा टिकवता?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, पाठोपाठ माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. घर माळकरी; तिन्हीसांजेला दिवा लावून हरिपाठ म्हणायचा, हे लहानपणापासूनचं. आता तोंडाने अभंग चालू असतात आणि डोक्यात फिजिओथेरपीचे पैसे, घराचा हप्ता. काल निरांजनातली वात विझली, तेही कळलं नाही.

बाबांचा उजवा हात उचलत नाही. डाव्या हाताने माळ ओढतात, एकेक मणी सरकायला किती वेळ लागतो! त्यांचा विश्वास जागचा हलला नाही, डळमळले ती मी.

१६३० च्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, तरी त्यांनी विठ्ठलाला सोडलं नाही. ते संत होते हो. आपल्यासारख्यांनी काय करायचं? जे अशातून गेलेत त्यांनी कृपया सांगा, मन लागत नसताना नेम चालू ठेवलात की काही दिवस नुसतं नाम घेतलंत? देवावर राग येतो, तो तुम्ही कुठे ठेवलात?

आणखी एक. यंदा वारीत बाबांच्या वाटचं मी चालावं म्हणते, निदान पुणे ते सासवड. दिवे घाटाचा हा टप्पा मोठा आहे, पहिल्यांदाच जाणाऱ्या बाईला एका दिवसात झेपेल का?