मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

मंडळी, गणितातलं कोणी असेल तर वाट दाखवा. आमचं खेडं यवतमाळ जिल्ह्यात. पुतणी नववीत आहे. तिला बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगत होतो: पहिल्या घरात ज्वारीचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्टाव्या घरापर्यंत. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. दुकानातला कॅल्क्युलेटर नुसता ई दाखवतो, म्हणून हिशोब कागदावरच केला. गोष्ट संपली, पण पोट्टी काही उठेना. म्हणे, काका, आता याचे अवयव पाडू.

शेवटी ५, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने जातो, ९ ने नाही. पुढची युक्ती तिचीच. ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १, मग वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावायचं. दोन तुकडे पडतात. लहान तुकड्याला परत तेच सूत्र. हाती आलं ते असं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिल्या पाचही मूळ (६५५३७ तपासण्यात अख्खी दुपार गेली). आणि सगळ्याच २ च्या कुठल्यातरी घातापेक्षा १ ने मोठ्या. पोट्टी म्हणते, पाच मूळ आहेत तर सहावी काहून नसेल? मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. सध्या लाईन रात्री येते. हरभऱ्याला ओलित करताना धुऱ्यावर बसून कापसाच्या काट्याच्या पावत्यांमागे भागाकार केले, ५९९ पर्यंत आलो. जायचंय ६५५३६ पर्यंत, म्हणजे वर्गमुळापर्यंत. हाताने जमेल असा काही उपाय? संगणकाला विचारून नुसतं उत्तर नको.

प्रतिसाद १
भाऊ, पुतणी चुकली ती फर्मा या फ्रेंच गणितज्ञासोबत. त्यानेही १७ व्या शतकात या साच्यातल्या सगळ्या संख्या मूळच धरल्या होत्या. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं नेमकी ही सहावी मोडून दाखवली. तुमच्या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो, आणि हे निघतं फर्माच्याच छोट्या प्रमेयातून! म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ अशाच मूळ संख्यांनी भागा, बाकीच्या सोडा. तसंही ५९९ नंतरची सातवीच मूळ संख्या तुमची होती.

प्रतिसाद २
सापडली की पुतणीला एवढंच द्या: ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. या दोन ओळींतून एकही भागाकार न करता भाग जातो हे सिद्ध होतं.

धागाकर्ता
निघाली बाप्पा! चारदा बाकी राहिली, पाचव्यांदा शून्य. ६४१ × ६७,००,४१७. पोट्टी आता विचारते, मग दोन रात्री कशाला जागलो. दोन ओळींचं कोडं तिच्याकडे दिलं आहे. लाईन आली, मोटर चालू करायला जातो.