मदत हवी आहे: बुध-शुक्र सूर्याच्या ‘खाली’ (म्हणजे पृथ्वीला जास्त जवळ) हे जुन्या लोकांनी कशावरून ठरवलं?

मंडळी, सुट्टीच्या वर्गात आठवी-नववीच्या मुलांना वारांचा क्रम कुठून आला ते शिकवत होते आणि एका प्रश्नावर अडकलेय, खगोलवाल्यांनी प्लीज मदत करा.

झालं असं की पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिच्यावर सात घरं आखली, शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र, म्हणजे सगळ्यात मंद ग्रहापासून सगळ्यात पळणाऱ्यापर्यंत. दर तासाची एक होरा, तिचा एक मालक. रविवारची पहिली होरा रवीची, तिथे चिंचोका ठेवायचा आणि २४ घरं पुढे न्यायचा, तो बरोब्बर चंद्रावर येतो. सोमवार! तिथून परत २४, मंगळ. सातही वार निघेपर्यंत एकानेही डबा उघडला नाही.

यात सूर्य-चंद्र आहेत आणि पृथ्वी नाही हेही त्यांना पटलं, कारण तेव्हा ताऱ्यांमधून सरकताना दिसेल तो ग्रह, आणि पायाखालची जमीन काही सरकताना दिसत नाही. शनीचा वेग तर पोरांना घरूनच माहीत, साडेसाती म्हणजे तीन राशी, एका राशीला अडीच वर्षं, बारा राशींना ३० च्या आसपास. गुरू १२ वर्षं, मंगळ दोनाला थोडी कमी, चंद्र २७ दिवस.

मग एक मुलगी म्हणाली, बाई, बुध आणि शुक्र तर कायम सूर्याच्या आगेमागेच असतात, म्हणजे सरासरी तेही वर्षातच फेरी मारणार, मग तिघांचा वेग सारखा असताना रवि आधी, मग शुक्र, मग बुध हे ठरवलं कोणी आणि कशावरून? मला उत्तर देता आलं नाही, उद्या सांगते म्हटलंय.

प्रतिसाद १
ताई, मुलीने नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंय! टॉलेमी या जुन्या ग्रीक खगोलज्ञाने अल्माजेस्ट या त्याच्या ग्रंथात हाच वाद मांडलाय. काही जण म्हणायचे की हे दोघे खाली असते तर कधीतरी सूर्याला झाकताना दिसले असते, म्हणून ते वरच. तो म्हणतो, तसं काही नाही, दर अमावास्येला तरी कुठे ग्रहण लागतं? पण अंतर मोजायला काहीच साधन नाही हेही तो कबूल करतो आणि सूर्याला मध्ये ठेवतो, एका बाजूला सूर्याला धरून राहणारे, दुसऱ्या बाजूला त्याच्यापासून कितीही लांब जाणारे. शुक्र खरंच सूर्यासमोरून जातो, ६ जून २०१२ ला मी फिल्टरमधून पाहिलाय, तिळाएवढा काळा ठिपका, नुसत्या डोळ्यांनी कोणाच्या लक्षात येणार?

प्रतिसाद २
आपल्याकडचंही सांगा. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये तुमच्या चकतीचाच क्रम दिलाय आणि त्याचं म्हणणं, सगळे ग्रह रोज सारखीच योजनं चालतात, ज्याची कक्षा लहान त्याची फेरी लवकर. बुध-शुक्राला सरासरी गती सूर्याचीच, पण दोघांना शीघ्रोच्च (गणितासाठी मानलेला एक फिरता बिंदू) आहे आणि त्याच्या फेरीचा वेगळा आकडा आहे, बुधाचा ८८ दिवस, शुक्राचा २२५. आता लावून बघा: २७, ८८, २२५, ३६५, ६८७ दिवस, मग १२ वर्षं, मग साडेएकोणतीस. क्रम आपोआप लागतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार, अंगावर काटा आला वाचून! ८८ आणि २२५ म्हणजे बुध-शुक्राच्या सूर्याभोवतीच्या फेऱ्याच की, आणि हे सूर्य मध्ये न मानता! पण ती लगेच विचारणार, २२५ मोजले कसे, शुक्र सूर्याच्या मानाने परत त्याच जागी यायला ५८४ दिवस लागतात ना. १/३६५ अधिक १/५८४ करून बघितलं, १/२२५ च्या अगदी जवळ येतं. जुन्या लोकांची रीतही अशीच होती का, कोणाला माहीत असेल तर रात्रीपर्यंत सांगा, वर्ग सकाळी आठला आहे.