शब्दचर्चा : रातांब्याचा ‘अधिवास’ की ‘मानवणारी जागा’?

प्रश्न
रातांब्यावर (कोकमाच्या झाडावर) टिपण लिहिते आहे. झाड सापडलेल्या जागांच्या नोंदी आणि पाऊस-तापमानाची माहिती मॅक्सेंट या संगणक-प्रणालीला दिली की ती नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला शून्य ते एक यांमधला आकडा देते. आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी जागा झाडाला अनुकूल. याला ‘संभाव्य अधिवासाचे भाकीत’ म्हणावं का?

प्रतिसाद १
ताई, ‘अधिवास’ म्हटलं की आधी अधिवासाचा दाखला आठवतो. शास्त्राच्या पुस्तकांत तो रुळलाय हे मान्य, पण अधिवास म्हणजे झाड जिथे राहतंय ती जागा. तुमचा नकाशा सांगतो, ते कुठे राहू शकेल. नोंदींच्या ठिपक्यांना ‘आढळ’ म्हणा आणि रंगवलेल्या पट्ट्याला ‘मानवणारी जागा’. ‘मुंबईचं पाणी मानवलं नाही’ म्हणतो, तेच क्रियापद. हवा, पाणी, माती सगळं त्यात येतं. ‘भाकीत’ही नको, ‘अदमास’ लिहा.

प्रतिसाद २
‘आढळ’ लिहिताना ‘लावलेलं’ आणि ‘आपसूक रुजलेलं’ हा भेद ठेवाच. कोकणात रातांबा बांधावर, ओहोळाकाठी आपला आपण येतो. परसातलं झाड मात्र पाणी घालून जगवलेलं असू शकतं. दोन्ही ठिपके सारखे धरले तर नकाशा फसेल. शिवाय नोंदी रस्त्यालगतच्याच जास्त मिळतात. आणि हद्दीचंही बघा. भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला, पण झाडाचा आढळ गोव्यात आहे, उत्तर कन्नडमध्येही आहे. गोव्याकडच्या नोंदी शोधताना ‘भिरंड’ हे नावही घ्या, नाहीतर त्या हातून सुटतील.

प्रतिसाद ३
‘मानवणे’ आवडलं, पण ते ‘फळ धरणे’ नव्हे. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला रातांबा आहे. गर्द सावली, कोवळी पानं तांबूस. दरवर्षी फुलतो आणि एक फळ नाही. तो नर! रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून केलेलं रोप फुलायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर काही कळत नाही. म्हणून लागवडीला मादी झाडाची कलमं घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही रातांब्याची जात काढली आहे. जागा मानवली म्हणजे आगळ-आमसुलांची सोय झाली, असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षक बदललं : ‘रातांब्याला कोणती जागा मानवेल? एक अदमास’. नर झाडाचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घेते. आपसूक रुजलेल्या झाडांचे ठिपके आता वेगळ्या रंगात दाखवते आहे.